माझ्या पोटात वाळू नव्हती

मित्रांनो, लोक मला फक्त नाव विचारतात याची मला चीड आहे, तरी सांगते. मी दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पेटी. उखळी तोफेचे तीन गोळे वाहून न्यावेत म्हणून माझा जन्म झाला. ज्या कारखान्यात आधी दुधाचे कॅन होत, तिथेच बायकांनी पत्रा दाबून मला घडवलं आणि करडा रंग दिला. मग आर्डेनच्या जंगलात, ऐन बर्फात, मी एका कोवळ्या शिपायाच्या हाती आले. माझ्या मुठीने त्याच्या बोटांवर वळ उठत. माघार सुरू झाली तेव्हा त्याने मला भरल्या पोटी एका गोठ्यामागे टाकलं आणि तो पळाला. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पुढच्यांवर.

गोठ्याचा मालक ओमेर. माझी कडी गंजून घट्ट बसली होती. त्याने मला आत नेलं आणि माझ्यावर बसून तो गाईंची धार काढू लागला! "काय दणकट बैठक आहे! गाईने लाथ मारली तरी हलत नाही," असं तो शेजाऱ्यांना कौतुकाने सांगे. का हलत नाही, हे मात्र एकाच्याही डोक्यात येईना. ओमेर म्हातारा होऊन गेला. त्याच्या मुलीने परस्पर ठरवून टाकलं, की बाबांनी आत वाळू भरली असणार. झालं! वाळूची पेटी म्हणूनच तिने मला फ्लोरांला देऊन टाकलं.

फ्लोरां म्हणजे गावातला निवृत्त पोस्टमन. त्याला युद्धातल्या पेट्या जमवायचं वेड. मला वाटलं, हा तरी मला ओळखेल! त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, पट्टीने मापलं, भिंगातून पाहिलं, नखाने रंग खरवडला. तेवढ्यात त्याचा मित्र नेस्टोर आला आणि वाद जुंपला.

"मशीनगनच्या पट्ट्यांची पेटी आहे ही," नेस्टोर म्हणाला.

"डोळे तपासून घे. उखळी तोफेची आहे. लांबी बघ की!"

"मागे तू बिस्किटांच्या डब्याला रणगाड्याचा भाग म्हणाला होतास."

"ते एकदाच झालं! थांब, झाकणच उघडतो. आत गोळ्यांचे कप्पे दिसले, की तुझं तोंड बंद."

आणि फ्लोरां छिन्नी-हातोडा घेऊन आला. मित्रांनो, मी काय करणार? पत्र्याला जीभ नसते. माझी लांबी मापली, रुंदी मापली, रंगावरून भांडण झालं. पण पोटात खरंच काय आहे, हे कुणी विचारेना. छिन्नी कडीवर टेकली.

फ्लोरांची बायको बेर्त बटाट्यांची गरम कढई घेऊन उभी होती. "ही घाण आधी माझ्या टेबलावरून काढा. जेवायचंय की नाही?"

"एकच फटका, बेर्त."

"तो तुझ्या डोक्यात घालीन."

तिने कढई चुलीवर परत ठेवली आणि मूठ धरून मला रागारागाने ओढलं. मी कलंडले. आतली गंजलेली पट्टी तुटली आणि एक गोळा दुसऱ्यावर आदळला. ठक्!

आयुष्यात मी उच्चारलेला तो एकच शब्द. बेर्त जागच्या जागी थांबली.

"आत काय आहे म्हणालास?"

"वाळू."

"वाळू ठक् करते?"

फ्लोरांने हातोडा इतका हळू खाली ठेवला, जणू तोच फुटणार होता.

"ओमेर हिच्यावर बसायचा रे," नेस्टोर पुटपुटला.

"आधी बाहेर व्हा दोघं! फोन तिकडून करा," बेर्त म्हणाली. "मी कढई घेऊन येते."

"कढई सोड, बाई!"

बॉम्ब निकामी करणारी माणसं आली. त्यांनी अख्खी गल्ली रिकामी केली, मला लांब शेतात नेऊन माझी एक बाजू कापली आणि तिन्ही गोळे अलगद काढून घेतले. मी फ्लोरांकडे परत आले, तेव्हा नेस्टोर म्हणाला, "कापलेल्या पेटीला आता कोण विचारतंय?" फ्लोरांने पहिल्यांदाच त्याच्याशी वाद घातला नाही. तो नुसता आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

मित्रांनो, माझी भावंडं अजूनही कुठे कुठे पडून आहेत. कुणाच्या कोठारात, कुणाच्या बाकाखाली, कुणाच्या नांगराच्या वाटेत. त्यांची नावं ओळखता आली नाहीत तरी चालेल. त्यांना हात लावू नका, हलवू नका, जाणत्यांना बोलवा. आणि कुणी त्यांच्यावर हातोडा उगारलेला दिसला, तर आम्हाला ओरडता येणार नाही. तुम्ही ओरडा.