दोन अध्यक्षांचा संघ

लीड्समध्ये आम्हा आयरिश लोकांचे दोन क्लब होते. एक आयर्लंडच्या मेयो परगण्याकडच्यांचा, दुसरा शेजारच्या गॉलवेकडच्यांचा. पोरं हळूहळू मायदेशी परतली, काही ऑस्ट्रेलियाला गेली, आणि गेलिक फुटबॉलला लागणारे पंधरा जण दोन्हीकडे उरेनात. म्हणून क्लब एक झाले. अध्यक्ष मात्र दोन राहिले, कारण खुर्ची एकालाही सोडवेना.

मेयोवाला मॅलकी टूही. जन्मात चेंडूला पाय लावला नाही, पण लग्नाला आणि मयताला अंगावर संघाचंच जॅकेट. गॉलवेवाला फिंटन गिलहूली. तरुणपणी फार चांगला खेळायचा म्हणे. तो खेळ पाहिलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. जर्सीचा रंग कोणता, यावर या दोघांनी अख्खा हिवाळा घालवला. सरावाचं कुणी नाव काढलं नाही. दिवसभर बांधकामावर राबून आम्ही संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत यांची भांडणं ऐकायचो.

पहिल्या सामन्याला दोघंही आपापल्या जर्सी घेऊन हजर. टूहीच्या हिरव्या, गिलहूलीच्या तांबड्या. पंचाने बजावलं की एका रंगात उतरा, नाहीतर सामना मँचेस्टरवाल्यांना देऊन टाकतो.

"माझी पोरं तांबडं घालणार नाहीत," टूही म्हणाला.

"तुमची पोरं?" मी म्हणालो. "इतकी वर्षं तुमचा गोल राखतोय. माझं नाव सांगा बरं."

त्याने गिलहूलीकडे पाहिलं. गिलहूली बुटाची नाडी बांधायला वाकला.

मी सरळ मँचेस्टरच्या कप्तानाकडे गेलो. त्यांच्या गाडीत जुन्या पांढऱ्या जर्सी पडल्या होत्या, त्या त्याने हसत दिल्या. आम्ही त्या घालून खेळलो आणि सडकून हरलो. हरणारच होतो. पाऊस लागला तसे आमचे अध्यक्ष एकाच गाडीत जाऊन बसले आणि काच खाली करून आम्हाला शिव्या देऊ लागले. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या बैठकीत दोघांनी मिळून मला निलंबित केलं. क्लबची अब्रू गेली म्हणे. मी कोट उचलला, तर मागून बाकीचेही उठले. खोलीत दोन अध्यक्ष राहिले.

आता मंगळवारी आम्ही एका व्हॅनमध्ये कोंबून बसतो आणि डोंगर ओलांडून मँचेस्टरवाल्यांकडेच सरावाला जातो. तिथला प्रशिक्षक खवट आहे. पहिल्याच दिवशी त्याने मला ओकारी येईपर्यंत पळवलं. बरं वाटलं.