कपाटातला दिवा आणि मेलेले सेल

आमच्या स्वयंपाकघरातलं मोठं कपाट इतकं खोल की मागच्या रांगेत काय आहे ते फक्त सासूबाईंना ठाऊक. आपण चाचपडायचं, बोटं आपटून घ्यायची आणि ओरडायचं, "आई, मिरी कुठे आहेत?" सासूबाई ओट्याजवळच्या स्टुलावरून हलतही नसत. "मधल्या फळीवर, डावीकडे, पिठाच्या मागे." हात घातला की मिरी. दिवसभर हेच.

एकदा सासूबाई झोपल्या होत्या आणि मी पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं. माझं डोकं फिरलं. कपाटात दिवा हवा म्हणजे हवा! वायर ओढायची तर भिंत फोडावी लागणार, म्हणून सेलवरचा.

नवऱ्याने आठवडाभर फोनवर दिव्यांचा अभ्यास केला. लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हती. दाबला की लागणारा, दार उघडलं की लागणारा, हात हलला की लागणारा. पिवळा, पांढरा, चिकटपट्टीचा, चुंबकाचा. शेवटी त्याने दाबायचा आणला. दोन्ही हातांत डबे असले की तो नाकाने दाबावा लागे. चार दिवसांत तो मेला.

मग हात हलला की लागणारा आणला, पांढऱ्या उजेडाचा. कपाट असं लख्ख झालं की मिरी, दालचिनी, साखर सगळी मंडळी हजर. मी खूश. पण तोही मंद होत होत विझला. तिसरा चुंबकाचा, त्याचीही तीच गत.

तिन्ही दिवे पिशवीत भरून मी दुकानदाराच्या काउंटरवर आपटले.

"हा काय माल विकता हो? दिवे आहेत की काजवे?"

त्याने शांतपणे एकेक झाकण उघडलं. "ताई, मी सगळे सेल एकाच कंपनीचे दिले होते. हे रंगीबेरंगी कुठून आले? आणि ह्याला तर गंज चढलाय."

तो गंज आमच्या घरचाच होता. सासूबाई मेलेला सेल कधी फेकत नाहीत. उन्हात ठेवला की थोडा जीव येतो, असं म्हणून घड्याळातले, रिमोटमधले सगळे मुडदे त्यांनी एका डब्यात साठवलेत.

दिवे परत पिशवीत भरून मी तणतणत घरी आले. "आई, दिव्यांतले सेल तुम्ही बदललेत?"

"हो. तुझे नवे सेल त्या डब्यात आहेत. खाल्ले नाहीत मी."

"पण का?"

त्यांनी स्टुलावर हात आपटला. "दिवा लागला की कोणी मला हाक मारत नाही. सकाळी इथे बसते ती जेवायलाच उठते. गुडघे गेले, शिवण गेलं. एवढं एक काम उरलं होतं, तेही तुझ्या दिव्याने खाल्लं."

भांडायची सगळी तयारी घेऊन आले होते. पण फार वाईट वाटलं मला. हात हलला की लागणाऱ्या दिव्यात मी गुपचूप डब्यातले नवे सेल घातले, तो कपाटात लावला आणि दार उघडलं. भक्कन उजेड पडला. दालचिनीचा डबा अगदी नाकासमोर.

"आई," मी ओरडले, "दालचिनी कुठे आहे हो?"

"दिवा लागलाय ना?"

"लागलाय. तरी दिसत नाही."

गुडघे कडकड वाजवत त्या उठल्या, माझ्या नाकाखालचा डबा काढून माझ्या हातात आपटला. "शिकलेल्या बायका! डोळे आहेत की भोकं?"

"वरच्या फळीवरचंही काही दिसत नाही," मी म्हटलं.

"दिसणार कसं? आधी सरक बाजूला."

तेवढ्यात नवरा आला, चहाची पूड सरळ काढली आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ, मला एका झटक्यात..." मी त्याला असा चिमटा काढला की डबा पुन्हा फळीवर गेला.

"आई," तो कळवळून म्हणाला, "चहाची पूड कुठे ठेवली गं?"