सावलीत टांगलेला तापमापक

पुलापासून बसडेपोपर्यंत जाणारा तो लाल रंगाचा मार्ग तुम्ही पाहिला असेल. अर्धा सायकलींसाठी, अर्धा चालणाऱ्यांसाठी. त्याच्या मधोमध एका उघड्या खांबावर पांढरी पेटी आहे आणि पेटीच्या तोंडाशी एक आकडा दिसतो. तो आकडा दाखवणारा मी. मी तापमापक. माझ्या हातून नुकतीच एक गोष्ट घडली आहे. दुसऱ्या कुणी ती पकडण्याआधी मीच सांगून टाकतो.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला शहाणं केलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे मोजमाप खात्यातले तपासनीस. सगळं ऑफिस त्यांना मास्तरच म्हणतं. त्यांनी मला तीन दिवस छळलं. बर्फाच्या पाण्यात बुडवलं, गरम पाण्यात बुडवलं, पुन्हा बर्फात. दर वेळी वहीत आकडा लिहायचा आणि मान हलवायची. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "हा अर्ध्या अंशाचीही थाप मारायचा नाही."

हे ऐकून मी जो फुगलो, तो वर्षभर खाली आलो नाही.

खात्याचा एक नियम आहे. तापमापकावर थेट ऊन पडता कामा नये, नाहीतर तो हवा मोजायची सोडून स्वतःचंच तापणं मोजत बसतो. नियमात चूक काहीच नाही. मास्तर मला पिशवीत घालून पुलापाशी आले आणि सावली शोधत निघाले. अडीच किलोमीटर चालले. घाम पुसून पुसून त्यांचा रुमाल पिळण्याइतका ओला झाला. अखेर अगदी दुसऱ्या टोकाला, डेपोच्या भिंतीशी, एक डेरेदार झाड सापडलं. अख्ख्या मार्गावर तेवढं एकच. मास्तरांनी मला तिथे टांगलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

सावली शोधायला एवढी पायपीट करावी लागली, यातच खरं तर सगळं आलं होतं. पण ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्या तर नाहीच नाही.

माझ्या पोटात एक सिमकार्ड आहे. दर पाव तासाला मी आकडा ऑफिसला पाठवतो. बाकी वेळ माणसं बघायची. फार गमतीची असतात हो माणसं! पुलाकडून सायकल हाणत आलेले गृहस्थ लालबुंद तोंडाने माझ्यासमोर थांबायचे, आकडा वाचायचे आणि बायकोला म्हणायचे, "चौतीसच? मग मला एवढं का होतंय?" बायको म्हणायची, "तुम्हाला सगळ्याचंच जास्त होतं." सायकल उन्हात लावून गेलेला माणूस परत आला की सीटला बोट लावायचा, चटका बसला की शिवी हासडायचा आणि रुमाल टाकून बसायचा. पलीकडच्या सिग्नलला विजेच्या खांबाची हातभर रुंद सावली पडायची. त्या सावलीत चारचार माणसं एकामागे एक उभी राहायची आणि सिग्नल सुटेपर्यंत कुणी इकडचं तिकडे व्हायचं नाही. मला हसू यायचं. मी होतो ना गारव्यात!

मार्ग झाडायला दोन सख्ख्या बहिणी होत्या. थोरली तोंडाची फटकळ, धाकटी मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. सकाळी पुलापासून सुरुवात करायच्या आणि दुपारी माझ्या झाडाखाली येऊन टेकायच्या. थोरली पदराने वारा घेत माझ्याकडे बघायची.

"हा बघ, कसा जावयासारखा सावलीत बसलाय," ती म्हणायची. "म्हणे चौतीस!"

"त्याला दिसतं तेच तो सांगणार, ताई," धाकटी म्हणायची.

मला धाकटी आवडायला लागली ती तेव्हापासून.

त्याच उन्हाळ्यात दोघींनी अर्ज दिला होता. मार्गावर चार ठिकाणी छप्पर घाला, दोन्ही बाजूंना झाडं लावा आणि ऊन चढलं की काम थांबवू द्या. अर्ज मार्गाचं काम बघणाऱ्या साहेबांकडे गेला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज नीट वाचला आणि पुरावा म्हणून माझे तीन महिन्यांचे आकडे मागवले. सगळे तेहतीस, चौतीस, फार तर पस्तीस. त्यांनी अर्जावर शेरा मारला, 'मार्ग सुखद आहे. गरज दिसत नाही.' पुढच्या आठवड्यात माझ्याच झाडाला पाटी लागली, 'सुखद मार्ग'. मी छाती काढून त्या पाटीखाली लटकत होतो.

मग तो दिवस आला. बारा वाजून गेले होते. पुलाकडून एक नर्सबाई सायकल हाताने ढकलत आली. मागे कॅरिअरवर धाकटी होती, मान लुळी पडलेली, आणि थोरली तिला दोन्ही हातांनी धरून धावत होती. दोघींनी तिला झाडाखाली आडवं केलं. नर्सबाईने स्वतःची पाण्याची बाटली तिच्या अंगावर रिकामी केली. धाकटी काहीतरी बोलत होती, पण शब्द जुळत नव्हते.

थोरलीने ऑफिसला फोन लावला. पलीकडचा कारकून काय बोलला ते मला स्पष्ट ऐकू आलं. "अहो, तिथे आत्ता पस्तीस आहे. माझ्यासमोर आकडा आहे ना! उन्हाने कसं होईल? सकाळी काही खाल्लं नसेल तिने."

थोरलीने फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी पार खजील झालो. मी खोटं बोललो नव्हतो. झाडाखाली पस्तीसच होतं. पण जिथे ती पडली, तिथे मी कधी गेलोच नव्हतो.

धाकटी वाचली. आठ दिवस दवाखान्यात काढले. रजेच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'अशक्तपणा'.

तो कागद हातात पडला त्या दुपारी थोरली एकटीच आली. स्टूल लावलं, मला हुकावरून काढलं आणि कचऱ्याच्या ढकलगाडीच्या दांड्याला बांधलं. "चला," ती म्हणाली, "जरा फिरून येऊ."

झाडाची सावली संपली आणि मला पहिल्यांदा ऊन कळलं. वरून तर होतंच, पण खालच्या लाल काँक्रीटमधूनही वाफ येत होती. एकोणचाळीस. बेचाळीस. डेपोची तापलेली भिंत मागे पडली तरी अंगातली धग जाईना. पुलाच्या लोखंडी कठड्यापाशी पंचेचाळीस.  थोरलीच्या चपलेचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि धाप.

ऑफिसात गोंधळ उडाला. यंत्र बिघडलं! मास्तरांना पिटाळलं गेलं. त्यांनी मला ताब्यात घेतलं, तिथेच फूटपाथवर बसून थर्मासमधल्या बर्फात बुडवलं आणि म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. पण बाई, तुम्ही त्याला उन्हात फिरवलंत. ते चालत नाही. असं हवेचं माप येत नाही, उन्हाचं येतं."

"मग आम्ही काय हवेत झाडतो?" थोरली म्हणाली. "उन्हातच झाडतो ना!"

 मास्तर मला हातात धरून डेपोपर्यंत चालत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना लिहून दिलं, "यंत्र बरोबर आहे. जागा मी चुकीची निवडली." तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं प्रथमच लिहिलं असणार. साहेब तो कागद घेऊन भर दुपारी स्वतः आले, गाडीतून उतरले, अर्धा मार्ग चालले आणि 'सुखद मार्ग'ची पाटी त्यांनी आपल्या हाताने काढली.

दोन छपरं उभी राहिली. बाकी दोन अजून कागदावर आहेत. दोन्ही बाजूंना रोपं लागली, माणसाच्या गुडघ्याएवढी. आणि मला मधोमध या उघड्या खांबावर आणलं. मास्तर म्हणाले होते, इथे हा दोन उन्हाळ्यांवर टिकायचा नाही. टिकलो मी तिसऱ्यापर्यंत. नियम असा ठरला की माझ्यावर अडतीसचा आकडा आला की झाडणाऱ्यांनी काम थांबवून छपराखाली बसायचं. पगार कापायचा नाही.

आता माझ्या हातून घडलेली ती गोष्ट.

परवा आभाळ भरलेलं होतं. वारा नाही, पान हलत नव्हतं, हवा नुसती चिकट. असल्या दिवशी माणसाचा घाम वाळत नाही आणि जीव घुसमटतो. पण तो दमटपणा मोजायला मला कुणी शिकवलेलंच नाही. मी दाखवत होतो सदतीस. अकरा वाजले, सदतीस. साडेअकरा, सदतीस. थोरली पुलाच्या टोकाला होती. धाकटी झाडू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"थोडं बसू का?" तिने मुकादमाला विचारलं.

"अडतीस होऊ दे," मोबाइलवरची नजर न काढता मुकादम म्हणाला. "नियम आहे. मी काय करू?"

 हुज्जत घालणं तिला जमत नाही. तिने माझ्या खांबाचा आधार घेतला. ओठ पांढरे पडले होते. ती माझ्याकडे बघत होती, जणू माझ्या हातात काही आहे.

मी अडतीस दाखवलं.

"झालं बघ," मुकादम म्हणाला. धाकटी छपराखाली जाऊन बसली, छपराच्या खांबाला डोकं टेकलं आणि तिने डोळे मिटले. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला.

उद्या मास्तर तपासणीला येणार आहेत. परवापासून मी एक अंश जास्तच दाखवतो हे त्यांना पाच मिनिटांत कळेल. म्हणतील, म्हातारा झाला, आणि मला उतरवतील. उतरवू देत. माझं गाऱ्हाणं नाही. माझ्या जागी नवा येईल, माझ्याहून हुशार असेल, दमटपणाही मोजत असेल. त्याचा आकडा जरूर वाचा. फक्त वाचण्याआधी धाकटीकडे एकदा बघा आणि तिला विचारा, "आज जमेल का गं?"