गच्चीची किल्ली कोणाकडे आहे

इमारतीच्या ग्रुपवर सात महिने एकच वाद चालला होता. गच्चीवरची गळकी टाकी बदलायची, की तिची डागडुजी करायची? दोन हजार तीनशे सोळा मेसेज झाले. भाचीने ते सगळे वाचले होते, काही दोनदा, आणि असा माणूस साऱ्या इमारतीत ती एकटीच होती.

ती मामाकडे राहून विद्यापीठात शिकत होती. प्रबंधाचा विषय होता ऑनलाइन बोलण्यात माणसं एकमेकांचं मन कसं वळवतात. अठ्ठेचाळीस घरांची लेखी परवानगी तिने जिने चढून गोळा केली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर परवानगीच्या कागदामागे टाकीबद्दलचं आपलं मतही लिहून दिलं, पुरावा असावा म्हणून.

मग तिने मेसेज रंगवले. भावनेला हात घातला असेल तर गुलाबी, आकडे फेकले असतील तर निळा, धमकी लाल, आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ याला तपकिरी. तपकिरी पेन दोनदा संपलं. दोन्ही वेळा मामामुळे. डागडुजी पक्षाचा मामा बिनविरोध पुढारी होता. त्याचे एकट्याचे तीनशे अकरा मेसेज होते आणि आपण प्रबंधात जाणार या आनंदात त्याने शेवटचे शंभर शुद्धलेखन तपासून पाठवले होते.

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी रंगीत कागद शांतपणे चाळले. वक्तृत्व शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे घरी त्या फारशा बोलत नसत असं विभागात म्हणायचे.

“वळवणारे ढीगभर आहेत,” त्या म्हणाल्या. “वळलेला एक दाखव.”

शुक्रवारपर्यंतची मुदत होती. एकही सापडला नाही तर विषय रद्द, आणि त्याऐवजी ‘जुन्या अर्जांतले मायने’. त्याची फाइल मॅडमनी धूळ झटकून टेबलावर काढूनही ठेवली होती.

भाची घरी आली आणि पुन्हा पहिल्या मेसेजपासून बसली. बुधवार संध्याकाळपर्यंत एक गोष्ट पक्की झाली. अठ्ठेचाळीस घरांतल्या एकानेही आपलं मत तसूभर बदललं नव्हतं. मामीने चहा आणून ठेवला आणि जाता जाता म्हणाली की नव्या टाकीचं पाणी काय स्वच्छ येतं.

भाचीने कप खाली ठेवला. टाकी बदलून महिना झाला होता. मनं वाचण्याच्या नादात तिने टाकीकडे पाहिलंच नव्हतं.

तिच्याकडे ‘विषयबाह्य’ नावाचा एक गठ्ठा होता. त्यात फुलांची चित्रं, वाढदिवस, हरवलेली चप्पल वगैरे ढकललेलं असे. त्यात एका अनोळखी नंबरचा एकच मेसेज निघाला. ‘उद्या दहाला नवी टाकी घेऊन येतो. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?’

त्यावर चाळीस मेसेज होते आणि सगळे किल्लीबद्दल. कुणी म्हणे वॉचमनकडे, कुणी म्हणे वॉचमन किल्ली कुत्र्यापाशी ठेवतो. एकेचाळिसावा मामाचा होता. ‘किल्ली माझ्याकडे आहे. दहाला नाही, साडेनऊला या. जिन्यात टाकी भिंतीला घासू नका.’

नंबर प्लंबरचा निघाला. तो एका दवाखान्यात बेसिनखाली शिरलेला सापडला. मुलाखत त्याच्या पायांशीच घ्यावी लागली. तिने विचारलं, इतक्या लोकांना एका ओळीत पटवायची युक्ती तुम्हाला कशी सुचली? पायांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग खुलासा झाला. तळमजल्याच्या काकूंनी नळासाठी त्याला ग्रुपात घेतलं होतं. मेसेज होता समोरच्या इमारतीसाठी, पडला इकडे.

“म्हणजे टाकी त्यांची होती?”

“त्यांचीच. त्यांना दुसरी देणार होतो, पण त्यांचं अजून ठरतंय.” आतून पाना मागितला गेला, तो तिने दिला. “ताई, मत विचारलं की लोक मत देतात. किल्ली विचारली की किल्ली देतात. बादली जरा इकडे सरकवा.”

घरी तिने मामासमोर त्याचाच मेसेज धरला आणि सांगितलं की वळलेला माणूस तू आहेस. मामाने चष्मा लावून तो वाचला, शुद्धलेखन बरोबर आहे याची खात्री केली आणि फोन परत दिला.

“मी कुठे वळलो? माझा अजूनही कडक विरोध आहे.”

“मग किल्ली का दिलीस?”

“अगं, माणूस दारात टाकी घेऊन उभा. त्याच्याशी काय वाद घालायचा? टाकी चांगली आहे, तो भाग वेगळा.”

तिने हे उत्तर शब्द न शब्द लिहून घेतलं. त्याला लावायला रंगच नव्हता.

शुक्रवारी ती विभागात गेली ती ताठ मानेने. जाताना प्रबंधाचा बचाव म्हणून अकरा मुद्दे तयार होते. दारात पोचेपर्यंत तिने ते पिशवीतच ठेवायचं ठरवलं.

“मॅडम, सादरीकरण मोठ्या खोलीत लावू की लहान?”

“मोठीचा पंखा आवाज करतो,” मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. “लहान घे. आणि खुर्च्या आधी मोजून—”

त्या थांबल्या. मान वर केली. भाची निमूटपणे वहीत ‘लहान खोली’ असं लिहीत होती. मग तिने प्लंबरचा मेसेज, त्यावरचे एकेचाळीस मेसेज आणि मामाचा जबाब त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी सगळं वाचलं. मामाच्या जबाबापाशी त्या बराच वेळ रेंगाळल्या.

“हा माणूस म्हणतो आपलं मत बदललं नाही.”

“खरं आहे ते. मत जिथल्या तिथे आहे, मॅडम. टाकी मात्र त्याच्याच किल्लीने वर गेली. माणूस वळतो तो असा. त्याला पत्ता लागत नाही.”

“आणि मघाशी खोलीचं विचारलंस, ते मुद्दाम?”

“ते दुसऱ्या प्रकरणात येतं.”

मॅडमनी मायन्यांची फाइल उचलली, कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर टाकली आणि हात झटकले.

“दुसरं प्रकरण सोमवारी हवं,” त्या म्हणाल्या. “त्यात माझं नाव घालू नकोस.”