दीडचा उपग्रह

वंदनाच्या नकाशावर कुठंही आग लागली की लाल ठिपका उमटायचा. उपग्रहाच्या चित्रांतून धूर नि धूळ ओळखायची, ही तिची सरकारी नोकरी. पण ती या कामाला चिकटली होती ती लेकीसाठी, गार्गीसाठी. सात वर्षांची पोर एप्रिल लागला की संध्याकाळी धापा टाकायची. दम्याचा पंप घरात सदा हाताशी लागायचा. गव्हाच्या कापणीनंतर शेतकरी धसकटं पेटवतात नि तो धूर थेट त्यांच्या हुडकेश्वरच्या घरापर्यंत येतो, हे वंदनानंच साहेबांच्या गळी उतरवलं होतं. ठिपका दिसला की शेतमालकाला नोटीस, हीही तिचीच खटपट.

दिवाळीत तिनं सासऱ्यांना, महादेवरावांना, मोबाइलवर चित्रं दाखवत उपग्रहाचं सगळं समजावून सांगितलं होतं. चकली हातातच धरून ते ऐकत होते. "थे किती वाजता जाते म्हणली?" असं त्यांनी दोनदा विचारलं. असा जिज्ञासू सासरा नशिबानंच मिळतो, असं तिला वाटलं.

आणि यंदा चमत्कारच झाला. ठिपके गायब! कन्हान नदीपलीकडचा सगळा पट्टा, सासरच्या गावासकट, धुतल्या तांदळासारखा. साहेब हुरळून गेले, बढतीची भाषा करू लागले.

गार्गीला मात्र हे कोणी कळवलं नसावं. ती संध्याकाळी धापा टाकतच होती.

"ही राजस्थानची धूळ आहे," वंदनानं नवऱ्याला, जितेंद्रला, पिवळसर पट्ट्याचं चित्र दाखवत सांगितलं.

जितेंद्रनं चित्र पाहिलं, मग खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "राजस्थानची धूळ काळी राह्यते काय वं?"

"बोट फिरवून विज्ञान होत नाही," वंदना फणकारली.

एवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. गावानं तिचा सत्कार ठेवला होता. "रविवारी साडेबाराले या. उशीर नोको करू."

रविवारी गार्गी नवा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसली. सरपंच शोभाताईंनी शाल-श्रीफळ दिलं. "मॅडममुळं यंदा आपल्या गावात एकालेही नोटीस आली नाही!" टाळ्या अशा पडल्या की वंदनाचे डोळे भरून आले. समजावून सांगितलं की माणसं बदलतात, या विषयावर ती मनापासून बोलू लागली. लोक मात्र घड्याळं पाहत होते. पाहता पाहता मागची रांग उठून गेली. मग मधली.

महादेवराव मंचावर आले, तिच्या कानाशी वाकले. "आवरतं घे, वंदना. पोरीले घेऊन नीघ. आता धूर होईल तं तिले त्रास होईल."

"कसला धूर, मामाजी?"

महादेवरावांना प्रश्नच कळेना. "दिवाळीत तूच तं सांगितलं, दीडले उपग्रह जाते, मंग रातीशिवाय येत नाही. तवापर्यंत सारं विझून जाते. म्या साऱ्या गावाले सांगतलं." अभिमानानं त्यांची छाती फुगली होती. "पाहा, कसे सारे तुह्यं ऐकून राहिले!"

वंदनाला वाटलं, आपल्या पायाखालचा मंच कोणीतरी काढून घ्यावा.

जितेंद्रनं गाडी पिटाळली, पण गावाची हद्द ओलांडायच्या आतच दोन्ही अंगांना शेतं धडधडू लागली. काचा लावल्या तरी जळका वास आत शिरलाच. वंदनानं सत्काराची शाल काढून गार्गीच्या नाकातोंडाभोवती गुंडाळली.

"आई," शालीतून आवाज आला, "ही राजस्थानची धूळ ना?"

वंदनाला रडू कोसळलं. "नाही गं. धूर आहे. माझ्यामुळंच आहे."

मोबाइल वाजला. साहेबांचा निरोप होता: आजही एकही ठिपका नाही! अभिनंदन. सत्काराचा फोटो पाठवा, वर द्यायचाय.

वंदनानं डोळे पुसले, समोरच्या काचेतून पेटलेल्या शेताचा फोटो काढला आणि तोच पाठवून दिला.