कडूबाचं रडणं

“दादा, हसू येतं तेव्हा आतून आनंद होत असतो का?”

डॉक्टर यास्मिननी खुर्ची पुढे ओढून विचारलं. कडूबाने मान हलवली. नाही. लकव्यानंतर त्याच्या तोंडात मोजकेच शब्द उरले होते, बाकीचं काम मानेवरच चालायचं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, गोजरबाईचा, जीव भांड्यात पडला.

“मंग ते हसू कशाचं, तेवढं सांगा मॅडम. आमच्या जाऊबाईला सांगायचंय मला. त्याच्यासाठीच कामाला खाडा करून आलेय.”

मेंदूच्या दुखण्याने माणसाच्या मनाचं काय होतं, याचा अभ्यास दवाखान्याच्या त्या खोलीत चालला होता. लकवा झालेल्यांना बोलावून हे असले प्रश्न विचारायचे. गोजरबाईला अभ्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. पहाटे वाळूजच्या कंपनीत कॅन्टीनच्या चपात्या लाटायच्या, दुपारी घरी येऊन नवऱ्याला न्हाऊ-खाऊ घालायचं; स्वतःच्या मनाचं काय होतं हे पाहायला तिला फुरसत कुठली? ती आली होती त्या एका हसण्यापायी.

गेल्या साली गंगापूरकडे थोरले दीर वारले. दहाव्याला सगळं गणगोत गोदावरीच्या काठी जमलं. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. घरच्यांनी हात जोडून सगळी वचनं दिली, तरी कावळे झाडावरच. सारे श्वास रोखून उभे होते. आणि त्या शांततेत खुर्चीवर बसवलेला कडूबा खो खो हसायला लागला. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. कावळे उडाले ते उडालेच. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. दोघा भावांची बांधावरून जुनी धुसफूस होती, त्यामुळे लोकांना तेवढंच पुरलं. थोरली जाऊ वच्छलाबाई तिथेच म्हणाली, “माझ्या मालकाच्या जीवाला ह्यानं सुटू दिलं नाय.” तेव्हापासून थोरल्या घरचं दार बंद झालं.

“मावशी,” डॉक्टर सांगू लागल्या, “हसण्या-रडण्यावर मेंदूचा एक लगाम असतो. लकव्यात तो तुटला. आता हसू उगाचच फुटतं, मनात तसं काही नसलं तरी. मन उदास होणं हे वेगळं दुखणं. तेही लकव्यानंतर पुष्कळांना होतं. कुणाला यातलं काय झालंय तेच आम्ही शोधतोय. दादांचं मन तसं बरं दिसतंय. गोळी देते, हे झटके कमी होतील. आणि रडतात का हो कधी?”

“रडतेत की!” गोजरबाईच्या बोलण्यात नकळत थोडं मिरवणं आलं. “मी कामाला निघाले की रडतेत. लेकरावानी. मी डोळे पुसल्याबिगर दाराबाहीर पडतच नाय.”

उभ्या संसारात कडूबाने तिला गोड शब्द म्हणून दिला नव्हता. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर राबून माणूसही लोखंडाचा झाला होता. ती माहेरी जायला निघाली तरी वर न बघता म्हणायचा, “बरं.” बस, एवढंच. लकव्यानंतर मात्र दगडाला पाझर फुटला. शेजारची रईसाभाभी म्हणायची, “कित्ती जान है उनकी तुम्हारे में!” गोजरबाई वरवर म्हणायची, “कशाचं काय, येडं झालंय म्हातारं.” पण चपात्या लाटून खांदे भरून आले, की त्या एका रडण्यावर तिचा उरलेला दिवस निघायचा.

डॉक्टर कडूबाकडे वळल्या. “दादा, मावशी निघाल्या की रडता, तेव्हा आतून वाईट वाटतं?”

कडूबाने विचार केला. कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याने मान हलवली. नाही.

“तेही हसण्यासारखंच आहे, मावशी. गोळीने तेही थांबेल.”

“थांबंल?” गोजरबाई म्हणाली.

घरी परतताना क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. शेजारच्या रिक्षातल्या अनोळखी बाईने सहज इकडे पाहिलं, आणि कडूबाला रडू फुटलं. तस्संच, लेकरासारखं. गोजरबाईने पदराने त्याचे डोळे पुसले. तिला त्याचा राग आला, मग रागाचीच लाज वाटली.

गोळ्या काही दिवस फडताळात तशाच पडून राहिल्या. उद्यापासून देऊ, उद्यापासून देऊ. कामून देत नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. पण दिराचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. नवऱ्याचा जीव अडकलाय असं समजून तिकडे एक बाई वर्षभर झुरतेय आणि आपण इथे एका रडण्याला धरून बसलोय, हे तिच्या मनाला टोचत राहिलं. एका सकाळी तिने गोळी त्याच्या जिभेवर ठेवली.

श्राद्धाला दोघं न बोलावता गेली. गोळी लागू पडली होती. पानं वाढेपर्यंत कडूबा ओट्यावर शांत बसून राहिला. गोजरबाईने वच्छलाबाईला चुलीपाशी गाठलं.

“जाऊबाई, ते हसणं ह्यांचं नव्हतं वो. लकव्याचं हुतं. डॉक्टरीणबाईनं शोधून सांगितलंय.”

वच्छलाबाईने मान वर केली नाही. “व्हय का? आन तुज्यासाठी रडतेत ते? दहाव्याच्या आदल्या राती तूच सांगत हुतीस. लई जीव हाय म्हणं. रडणं तेवढं खरं, आन हसणं लकव्याचं?”

गोजरबाईने ओट्यावरच्या कडूबाकडे पाहिलं.

“नाय,” ती म्हणाली. “ते बी लकव्याचंच.”

वच्छलाबाईने पहिल्यांदाच वर पाहिलं. असलं कोणती बाई खोटं सांगेल? बराच वेळ ती चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली. मग उठली, एक पान वाढलं, ओट्यावर नेऊन कडूबापुढे ठेवलं.

“जेवा, भाऊजी.”

कडूबा डाव्या हाताने सावकाश जेवला. हसला नाही, रडला नाही. गोजरबाईला खूप बरं वाटलं, आणि खूप दमल्यासारखंही झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने डबा भरला, चपला घातल्या, आणि रोजच्यासारखी खाटेपाशी येऊन उभी राहिली.

“येते.”

कडूबा जागा होता. छताकडे बघत होता.

“येते म्हणलं.”

“बरं,” कडूबा म्हणाला.

बाहेर शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला. गोजरबाईने दार ओढून घेतलं, आणि सवयीने हातात धरलेलं पदराचं टोक कमरेला खोचून ती चालू लागली.