मी तठेच ऱ्हासू

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात कापसाची गाडी उलटली आणि भिकुबाईचा उजवा पाय चाकाखाली सापडला. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तो गुडघ्याच्या वर कापावा लागला. भिकुबाई विधवा, पोटी मूल नाही. शिरपूरजवळच्या खेड्यात दोन खणांचं घर. जखम भरत आली तसं दीर हिलालनं तिला निराधार आश्रमात ठेवायचं ठरवूनही टाकलं. जो तो खाटेपाशी उभा राहून तिच्या डोक्यावरून बोलायचा.

दवाखान्यातल्या समाजसेविका पुष्पाबाई मात्र स्टूल ओढून बसल्या. "भिकुबाई, तुम्हाला कुठं राहायचंय?"

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "मना घर शे," ती म्हणाली. "मी तठेच ऱ्हासू."

"एकटी?" हिलाल म्हणाला. "पानी कोन भरी? मलमपट्टी कोन करी? वहिनी, हट्ट सोडा."

"तुमना पाय जाता, ते तुमले कोनी आश्रममा धाडतं का?"

हिलाल पिशवी उचलून निघून गेला.

पुष्पाबाई कामाला लागल्या. आरोग्य केंद्रातली नर्स मलमपट्टीला घरी येणार, शेजारची भागाबाई पाणी भरणार, असं ठरवलं. सुताराकडून न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. कृत्रिम पायाच्या शिबिरात नाव घातलं. एक मात्र न विचारताच केलं; घरपोच जेवणाचा डबाही ठरवला. भिकुबाईनं तो रद्द करायला लावला. "मनी भाकर मीच करसू."

भिकुबाई कुबड्यांवर घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात अंगणात पडली. भागाबाई धावली. तिला हातानंच थोपवून भिकुबाई भिंतीच्या आधारानं उठली.

मग नर्स यायची बंद झाली. जखम पुन्हा ओली दिसू लागली. पुष्पाबाईंना निरोप धाडू, असं भागाबाई म्हणत होती. पण भिकुबाईनं कुबड्या काखेत घेतल्या आणि बसत-उठत आरोग्य केंद्र गाठलं. नर्स पाड्यांवर लसीकरणाला गेलेली. डॉक्टर म्हणाले, उद्या बघू. भिकुबाई दारातच बसली. लोक तिला वळसा घालून आत जाऊ लागले.

"पट्टी व्हयाशिवाय मी उठाव नही."

शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पट्टी केली आणि नर्सचा वार बांधून दिला.

पुष्पाबाईंना हे नंतर कळलं. घरी भेटायला आल्या तेव्हा त्या जरा रुसल्याच. "मला का नाही कळवलंत?"

"तुम्ही एकल्या कितला लोकेसना मांगे पयशात, धावशात?" भिकुबाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाली. "आते मना शिबिरना पाय कव्हय ई, कोनता महिनामा, ते सांगा."